चीज पिकवण्यास योग्य जागा

माणसाची प्रगती त्याला काय करता येतं यावर नव्हे, तर ते करण्यासाठी त्याने काय काय जमवलं यावर मोजावी. या कसोटीवर आमच्या ताईचे यजमान, म्हणजे आमचे भावजी, फारच पुढारलेले गृहस्थ आहेत. विमा कचेरीतून परतताना एके संध्याकाळी त्यांनी घरीच चीज करायचं ठरवलं. (चीज दुकानात मिळतं, ही गोष्ट त्यांच्यापासून कोणी लपवून ठेवली नव्हती.) घरातली बहुसंख्य माणसं, म्हणजे ताई आणि तिचे सासरे, या उपक्रमाच्या विरोधात होती, सबब ठराव एकमताने, म्हणजे भावजींच्या एका मताने, संमत झाला.

पहिली गरज रेनेटची. दुधाचा घट्ट गोळा करणारं हे द्रव्य शोधत भावजी औषधांच्या दुकानात गेले.

"पेशंटचं वय काय?" दुकानदाराने विचारलं.

"आज सकाळचं आहे. म्हशीचं."

दुकानदाराने जुलाबाच्या गोळ्या दिल्या. भावजींनी त्या घेतल्या, कारण रिकाम्या हाताने परतणं मोहिमेच्या शिस्तीत बसत नव्हतं. रेनेट शेवटी टपालाने आलं: खोकंभर भुसा आणि त्यात अंगठ्याएवढी बाटली.

थर्मामीटर घरात होता, तापाचा. दुधाला ताप नसल्याचा निर्वाळा त्याने दिला. गाळण्यासाठी तलम कापड म्हणून स्वयंपाकघराचा नवा पडदा वर्ग करण्यात आला, त्यामुळे समोरच्या बिऱ्हाडालाही चीज अथपासून इतिपर्यंत पाहता आलं. दाबायला वजन म्हणून मागच्या वर्षीच्या व्यायामाच्या लाटेतले डंबेल्स निघाले. खाली पडून राहण्याचा त्यांना दांडगा अनुभव होता.

सगळ्यात दुर्मीळ साहित्य म्हणजे जागा. चीज पिकायला थंड, काळोखी आणि ओलसर खोली लागते. अशी खोली घरात एकच, मागची. तिथे भावजींचे वडील, आबा, राहत. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला हा गरीब स्वभावाचा माणूस. भिंतीला ओल आहे, छातीत कफ धरतो, अशी त्यांची कित्येक वर्षांची तक्रार होती; आणि ओल वगैरे काही नाही, हे सगळं वयाचं आहे, असं भावजींचं तितकंच जुनं उत्तर होतं. आता भावजींनी भिंतीवर तळहात टेकला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो आबा, केवढी ओल आहे इथे! कधी बोलला नाहीत ते?"

आबांची खाट बाहेरच्या बोळात, चपलांच्या रॅकशेजारी हलली.

"दाराखालून वारा फार येतो रे," आबा म्हणाले.

"वयाचं आहे ते," भावजी म्हणाले.

मग मात्र ताईचं डोकं फिरलं. "चार माणसांना बोलवा. त्यांना नाही आवडलं, तर खोली आबांना परत. तीही भिंत दुरुस्त करून. कबूल?"

भावजी लोकशाहीवादी आहेत. ते कबूल झाले.

रविवारी पाहुणे जमले. निःपक्षपातीपणे सांगायचं तर चीजला वास मोज्यांचा होता आणि चव खोडरबराची. आबा दाराशी उभे राहून एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. कोणीतरी एकदा "छे!" म्हणायचाच अवकाश होता. मला आबांची फार दया आली, पण तोंड भरलेलं असल्याने मत नोंदवता आलं नाही.

तुम्हीही होतात की तिथे. आबांची खरी भिस्त तुमच्यावरच होती. तुम्ही तोंडावर बोलणारे म्हणून प्रसिद्ध आहात. तुम्ही तुकडा रुमालात काढलात, रुमाल खिशात घातलात आणि म्हणालात, "अप्रतिम!"

आबा बोळात जाऊन पडले. भावजींनी सुताराला मागच्या खोलीत चीज ठेवायच्या आणखी एका फळीचं माप दिलं.

निघताना तुम्ही मला बाजूला घेऊन रेनेट कुठे मिळतं ते विचारलंत. पत्ता पाठवतो. बाकीचं साहित्यही जमेल, काळजी नसावी. तुमच्याकडे ओलसर खोलीत कोण राहतं, तेवढं फक्त कळवा.