अण्णांचं व्हर्नियर

"बेचाळीस पॉइंट सहा!"

"बेचाळीस पॉइंट सहा, सरी!"

कोरमंगलातल्या खोलीत राहायला आले, त्या पहिल्याच रविवारी सकाळी खालून हे दोन आवाज आले. पहिला भारदस्त, दुसरा बारीक. 'सरी' म्हणजे बरोबर, एवढं कन्नड मला आलं होतं. गॅलरीतून वाकून पाहिलं, तर खाली घरमालक एकटेच. रामोजीअण्णा. समोर कान तुटलेल्या कपात एवढंसं झाड, कमळासारखी गच्च, जाडजूड पानं. हातात व्हर्नियर, कारखान्यात बारीक मापं घेतात ते. माप घ्यायचे, आकडा ओरडायचे, चष्मा बदलायचे, मग आवाज बदलून स्वतःलाच उत्तर द्यायचे आणि वहीत लिहायचे.

अण्णा यशवंतपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्टर होते. जगात त्यांच्या लेखी दोनच गोष्टी: टॉलरन्समध्ये, म्हणजे चालेल इतक्या फरकात, आणि टॉलरन्सबाहेर. बायकोचं, म्हणजे गंगक्कांचं, सांबार टॉलरन्समध्ये. जावई बाहेर. माझ्याबद्दल ते अक्कांना म्हणाले, "वरची पुण्याची पोरगी बरी आहे. आवाज शून्य." मी जिन्यात ऐकलं आणि उगाच खूश झाले.

झाड ते आल्यागेल्याला दाखवायचे. "दिवाळीपासून चार एमएम! पाणी पंधरा दिवसांनी, तेही स्वल्प, बूचभर. एवढं ताठ झाड बेंगळूरात दुसरं दाखवा." दूधवाल्यानं ते तीनदा पाहिलं होतं.

एकदा दोघं चार दिवस लग्नाला गेले. झाडाबद्दल मला काही सांगून गेले नाहीत, कारण त्याला चार दिवस काही लागतच नव्हतं. मला मात्र त्याची दया आली. रोज सकाळी पेलाभर पाणी घातलं.

ते परतले तेव्हा खालची पानं काचेसारखी झाली होती. बोट लावलं की गळायची.

"पाणी घातलं कोणी?" अण्णा अंगणात गरजले.

मी दाराआड उभी. आवाज शून्य.

अण्णांनी सडका दांडा ब्लेडनं कापला, शेंडा दोन दिवस सुकवला आणि कोरड्या वाळूत टेकवला. रविवार मुके झाले.

एकदा अक्कांनी मला जिन्यात थांबवलं. "ते झाड तुकोजींचं गं, कारखान्यातल्या यांच्या जोडीदाराचं. हे माप घ्यायचे, तुकोजी आकडा परत म्हणून लिहायचे. परत म्हटल्याशिवाय लिहायचं नाही, असा नियमच. त्या अख्ख्या खात्यात मराठी बोलणारे हे दोघंच. हे रिटायर झाले त्या दिवशी तुकोजींनी रुमालात एक पान बांधून दिलं. दोन वर्षं झाली त्यांना जाऊन."

माझी शाळा इंग्रजी. मराठी आकडे तीसच्या पुढे गोंधळतात. त्या आठवड्यापासून मी ऑफिसला जाताना बसमध्ये ते मनातल्या मनात घोकू लागले.

पाचव्या की सहाव्या रविवारी खालून एकदम आवाज चढला.

"एकोणचाळीस पॉइंट दोन! मधून नवीन पान!"

साऱ्या गल्लीला ऐकू जावं, असा तोरा. पण दुसरा आवाज येईना. वाकून पाहिलं. वही उघडी होती आणि अण्णा नुसताच चष्मा पुसत होते.

मी जिना उतरले. त्यांच्यासमोरची पेन्सिल उचलली.

"एकोणचाळीस पॉइंट दोन, सरी," मी म्हणाले. "आणि पाणी मी घातलं होतं, अण्णा."