हळद, ऊन आणि हौसाआक्का

माझी नोकरी टिकली ती पुण्याजवळच्या नांदे गावच्या हौसाआक्कांमुळं, हे आधी सांगतो. मग बाकीचं.

आक्का आमच्या खोल्यांच्या मालकीण. भाडेकरूला नावानं हाक मारत नाहीत, जिल्ह्यानं मारतात. "ए बीड, मोटार बंद कर!" सोलापूरचे दोघं आहेत, तर एक थोरलं सोलापूर, एक धाकटं. मी परभणी. आठवीत शाळा सुटली. आता शेजारच्या लवळे गावातल्या कॉलेजात बागकाम करतो.

उन्हाळ्यात पाठीवर केसतुडं आली. डॉक्टरांनी कॅप्सूल दिल्या आणि काहीतरी बजावलं, पण मला सुईची भीती, सगळं ध्यान दाराकडं. चार दिवसांत तोंड, मान, हात लालबुंद. विस्तव टेकवल्यागत आग. सदऱ्याखालची कातडी मात्र जशीच्या तशी.

"उष्णता हाय अंगात," आक्का म्हणाल्या. "कोवळं ऊन घे, समदं उतरतंय."

मला हळद फासून अंगणात पाटावर बसवलं. बीडनं विचारलं, "नवरी कुठली?" दुपारपर्यंत फोड आले.

आक्काच मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टर म्हणाले, "या औषधावर ऊन सोसत नाही, कातडी भाजते." त्यांनी औषध बदललं, बरं वाटेपर्यंत सावलीत राहायला सांगितलं.

"मग त्या गोळीला शिंगं तरी लावायची! माणूस भ्यालं असतं," आक्का डॉक्टरांवर खेकसल्या. परतताना मात्र रिक्षात उन्हाच्या बाजूला स्वतः बसल्या, पदर माझ्या तोंडावर धरून.

मुकादमाचा फोन आला, "उद्या ये, न्हाईतर दुसरा माणूस बघतो." आता गावीच परतायचं म्हणून मी पिशवी भरायला घेतली.

सकाळी आक्का खुरपं घेऊन थेट लवळ्याला. मुकादमाला म्हणाल्या, "परभणी आजारी हाय. त्याच्या बदली मी." आणि ऑफिससमोरची शोभेच्या झाडांची अख्खी रांग उपटून टाकली. "फूल न्हाई, फळ न्हाई, गुरंबी खात न्हाईत. मग गवतच की!"

मुकादमाचा पुन्हा फोन. "बरा होऊन ये बाबा, जागा तुझीच हाय. पर आक्कांना उद्या धाडू नगंस."

संध्याकाळी आक्का पायरीवर बसल्या होत्या. नखांत माती. मी हात धुवायला पाण्याचा तांब्या पुढं केला.

"ऱ्हाऊ दे रं," त्या म्हणाल्या. "रान इकल्यापास्नं हाताला माती लागली न्हवती."

आणि मातीचे हात तसेच मांडीवर ठेवले.

एक ना एक दिवस आक्कांना आमच्या गावी नेणार आहे. आमचं शेत टीचभर, पण गवत भरपूर. त्यांना पाहिजे तेवढं खुरपू देईन, आणि उठा म्हणणार नाही.