अडीच वाजताचा अपघात

गेल्या चार वर्षांत मी सिद्रामअण्णांच्या हॉलमध्ये एकदा लिफ्ट, दोनदा माग आणि एकदा घसरती शिडी झालो आहे. नोकरीत असताना मी शाळेत भूगोल शिकवायचो. शेजारी कसा मिळावा हे आपल्या हातात नसतं, दुसरं काय!

अण्णा गिरणीच्या टाइम ऑफिसात, कामगारांची हजेरी मांडायला होते. गिरणी बंद पडल्यावर ते जुळे सोलापुरात आमच्या शेजारी राहायला आले, एकटेच. कामावर जखमी झालेल्यांचे भरपाईचे अर्ज ते फुकट लिहून देतात. पण 'अपघात कसा घडला' या रकान्यात ऐकीव काही लिहायचं नाही, हा त्यांचा हट्ट. "सांगू नका, करून दावा," म्हणतात. मग हॉलमधलं सामान भिंतीला लागतं, फरशीवर खडूनं यंत्र आखलं जातं, खिडक्या बंद होतात, आणि अपघात ज्या वेळेला झाला त्याच वेळेला तो पुन्हा होतो. यंत्र अर्थातच मी. खडूच्या रेघा पुढे महिनाभर तशाच असतात. अण्णा पाणी प्यायला उठले तरी त्यांना वळसा घालून जातात. एकदा मी चुकून रेघेवर पाय दिला, तर त्यांनी माझा दंड असा गच्च धरला की मला खरंच घाम फुटला.

परवा अंबूबाई आल्या. टॉवेलच्या कारखान्यात मागाच्या पट्ट्यात त्यांचा उजवा हात गेला, तीन बोटं तुटली. मालकाचं म्हणणं, हात जाऊ नये म्हणून पट्ट्यावर बसवलेली जाळी बाईनं स्वतःच काढली होती, सबब भरपाई मिळणार नाही. अंबूबाईंना त्या दुपारचं काहीच आठवत नव्हतं आणि मालकाविरुद्ध साक्ष द्यायला कुणी तयार नव्हतं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

"सर, अडीचला या की. पट्टा व्हायचंय तुमाला," अण्णा म्हणाले. झालं, माझ्या दुपारच्या झोपेचं खोबरं.

मी खडूच्या चौकोनात उभा राहून हात गरगर फिरवू लागलो. साठी उलटली तरी त्या घरात मी लाज कधीच सोडली होती. अण्णांनी चमच्यानं लोखंडी पलंगावर ठेका धरला. अंबूबाईंना डोळे मिटायला लावून जेवणाच्या सुट्टीपासून सुरुवात करायला सांगितली. आधी त्या संकोचल्या. ठेका वाढत गेला तसा त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी नसलेला डबा धुतला, झटकला आणि माझ्या डाव्या बाजूला, भिंतीशी वाकून, कशावर तरी पालथा घातला. अण्णांचा ठेका तेव्हा थांबला होता. तरी डब्याचा पत्रा टेकल्याचा आवाज मी ऐकला, शप्पथ सांगतो.

"अक्का, डबा कशावर ठिवला?" अण्णांनी हळूच विचारलं.

"जाळीवर, अण्णा. भिंतीला टेकवलेली असती की. आमी समद्या तिच्यावरच डबे वाळवतो." अंबूबाईंनी डोळे उघडले. "मी कामाला लागले तवापासनं ती तितंच हाय. पट्ट्याची जाळी म्हंजी तीच, हे आत्ता ध्यानात आलं."

म्हणजे जाळी पट्ट्यावर कधी नव्हतीच. डबे कुठं वाळवता, एवढं तर बाकीच्या बायका न घाबरता सांगतील, असं अण्णा म्हणाले आणि त्यांनी रकाना भरला. अंबूबाईंनी डाव्या अंगठ्याचा ठसा उमटवला आणि अण्णांचे पाय धरले. म्हातारा चक्क लाजला.

त्या गेल्यावर मी चपला घालत होतो, तर अण्णा म्हणाले, अजून एक अर्ज आहे. कपाटातून त्यांनी पिवळा पडलेला कागद काढला. अर्जदार ते स्वतः. मयत कामगार महादेव, त्यांचा मुलगा. गिरणीच्याच रंगखात्यात एकटा कामाला होता, रंगाच्या टाकीत सापडला. कसा पडला ते कुणी पाहिलं नाही. अण्णांना तो रकाना भरता आला नाही आणि अर्ज तसाच पडून राहिला. चार वर्षांत त्यांनी मला याचा पत्ता लागू दिला नव्हता.

"मी काय होऊ, टाकी?" मी विचारलं.

"काय न्हाय. दारात हुबं राहून नुस्तं बघा."

अण्णांनी डोळे मिटले. बाह्या दुमडल्या, खांद्यावर टॉवेल टाकला आणि शीळ घालत एखाद्या तरण्या माणसाच्या चालीनं हॉलभर फिरले. एरवी त्यांचे गुडघे धड वाकत नाहीत. मग त्यांनी हात वर धरून शिडीच्या तीन पायऱ्या चढल्यासारखे पाय उचलले आणि ते थांबले.

"हितपर्यंतच येतं मला, सर. रोज हितंच थांबतो." डोळे मिटलेलेच होते. "एकटाच होता की ओ तो. दिसतोय का तुमाला?"

मला रडू आवरेना.

"दिसतोय, अण्णा," मी म्हणालो.