कुरळ्या खासदाराची फ्रेम

"अगंबाई, हे इथे कुठे आले!" असं म्हणत बायकोने चहाचा कप करवतीशेजारी टेकवला आणि टेबलावरचा एक फोटो दोन्ही हातांनी उचलला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण दुकानातली एखादी वस्तू तिने अशी दोन्ही हातांनी उचललेली फ्रेमवाल्याने कधी पाहिली नव्हती. घराच्या पुढच्याच खोलीत दुकान. ती तिथे यायची ती चहा ठेवायला, नाहीतर पसाऱ्यावरून बोलायला. नवऱ्याने आजवर किती फ्रेमा केल्या, कशा केल्या, याची चौकशी तिने चुकूनसुद्धा केली नव्हती.

"ग्रंथालयाचं काम आहे," फ्रेमवाला म्हणाला. "आपला जुना मतदारसंघ नव्हता का, त्याचा इतिहास भिंतीवर लावणार आहेत. चार खासदार, चार फ्रेमा."

शहराचा तो एकुलता एक मतदारसंघ फेररचनेत मोडीत निघाला होता. त्याचे तुकडे शेजारच्या तिघांना वाटून टाकले आणि नाव पुसलं गेलं. ज्या लोकांनी कधी धड मतदान केलं नव्हतं, त्यांनाही तेव्हापासून त्याचा फार पुळका आला होता. पहिली निवडणूक जिंकली एका डॉक्टरांनी. अर्ध्या शहराची नाडी त्यांनी बघितली होती आणि फोटोतही गळ्यात स्टेथोस्कोप होता. त्यांना पाडलं गिरणी कामगारांच्या पुढाऱ्याने, उगारलेल्या मुठीच्या जोरावर. मुठीला पाडलं एका तरुण, कुरळ्या केसांच्या वकिलाने. आणि सगळ्यांत शेवटी आल्या एक मुख्याध्यापिका, कायम हात जोडलेल्या. त्यांच्याच कारकिर्दीत मतदारसंघ गेला, म्हणून लोक अजून त्यांच्या नावाने बोटं मोडत.

बायकोच्या हातात होता तो कुरळ्या.

"यांच्या सभेला मी पहिल्या रांगेत बसले होते. कॉलेजात होते तेव्हा. काय केस होते हो! वाऱ्यावर असे भुरभुर उडायचे."

"आणि भाषण?"

"भाषण कोण ऐकत होतं!" बायको म्हणाली आणि चक्क लाजली.

फ्रेमवाल्याचा हात नकळत स्वतःच्या डोक्यावर गेला. तिथे उडण्यासारखं काही उरलं नव्हतं. पोटात जे दुखायला लागलं ते रात्रीच्या जेवणानंतरही थांबेना. म्हणजे आपण जन्मभर लाकडं तासत बसलो आणि हिच्या डोळ्यांसमोर हा भुरभुरतोय! तेही फुकटात, एका सभेच्या जोरावर!

सकाळी त्याने कुरळ्याचा फोटो पुढ्यात घेतला. फोटोभोवती पांढऱ्या जाड कागदाची चौकट लावतात, तिला माउंट म्हणतात. ते त्याने नेहमीपेक्षा जरा रुंद कापलं. मग आणखी जरा. शेवटी कपाळापासून वरचं सगळं झाकलं गेलं आणि राहिले फक्त दोन डोळे, नाक आणि हसू. हसूही झाकावं असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण धंद्याला धरून नव्हतं.

संध्याकाळी ग्रंथपाल बाई काम बघायला आल्या.

"हे असं का? बाकीचे तिघं ऐसपैस आणि हे एकटेच खिडकीतून डोकावल्यासारखे?"

"नवीन पद्धत आहे, मॅडम," फ्रेमवाल्याने ठोकून दिलं. "चेहऱ्यावर नजर खिळते."

"मग सगळ्यांनाच करा. उद्या कोणी म्हणायला नको, ग्रंथालय पक्षपात करतं."

आता आली का पंचाईत! माघार घ्यावी तर खोटं उघडं पडणार. त्याने मुकाट्याने उरलेल्या तिघांनाही तेवढंच रुंद माउंट घातलं. खाली डॉक्टरांचा स्टेथोस्कोप गेला, वर पुढाऱ्याची मूठ गेली, मुख्याध्यापिकांचे जोडलेले हात गेले. ज्याच्या जोरावर ज्याने निवडणूक मारली, नेमकं तेवढंच त्याने झाकून टाकलं होतं.

फ्रेमा ग्रंथालयात लागल्या आणि दुसऱ्या दिवशी दुकानासमोर गर्दी. डॉक्टरांचे नातेवाईक म्हणाले, "हा कोण माणूस? आमच्या आजोबांना कंपाउंडर करून टाकलंत!" कामगारांचे जुने कार्यकर्ते म्हणाले, "जी मूठ मालकांना खाली आणता आली नाही ती तुम्ही आणलीत?" मुख्याध्यापिकांचे माजी विद्यार्थी नुसतेच रांगेत उभे राहून रागाने बघत होते, शिस्त मुरलेली होती. आयुष्यात कधी एकमेकांच्या दारात न गेलेले तिन्ही पक्ष त्याच्या पायरीवर एकत्र आले.

ग्रंथपाल बाई फ्रेमा काखोटीला मारून परत आल्या. "उद्या उद्घाटन आहे. आज नीट झालं नाही तर काम समोरच्या दुकानात जाईल, आणि तुमचं नाव मी गावभर करीन. आणि हो, कुरळे साहेब एकटेच हयात आहेत. कोणीतरी त्यांना कळवलंय. ते स्वतः इथे येताहेत."

हे ऐकून फ्रेमवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. बायकोचं मात्र नाही. तिने ठेवणीतले कप काढले, केस विंचरले, आरशात पाहून पुन्हा विंचरले.

"एवढं काय त्यात?" फ्रेमवाला दात ओठ खात म्हणाला.

"माजी खासदार येताहेत. तुमच्या अवतारात भेटू का त्यांना?"

दुपारी गाडी थांबली. आतून काठी उतरली, तिच्यामागून साहेब उतरले. डोकं गुळगुळीत, कुरळेपणाचा मागमूस नाही. सोबत त्यांच्या पत्नी, ताठ आणि टवटवीत. फ्रेमवाल्याला इतकं बरं वाटलं, की त्याने स्वतः पुढे होऊन खुर्ची दिली. बायकोने एकदाच डोक्याकडे पाहिलं, "चहा टाकते" म्हणाली आणि आत गेली.

साहेबांच्या पत्नी फ्रेमा बघत फिरू लागल्या, तसे साहेब फ्रेमवाल्याकडे झुकले.

"माझे केस झाकलेत, ते झाकलेलेच राहू दे," ते हळूच म्हणाले. "आता ते बघवतही नाहीत. पण एक काम करा. त्या मूठवाल्याची मूठ मात्र उघडू नका."

"का हो, साहेब?"

"शहराने मला निवडून दिलं, पण घरात मी कायम पडलो! हिचं मत त्यालाच. त्याच्या सभेला ही टाळ्या वाजवायची, माझ्या सभेला घड्याळ बघायची. तो जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मूठ पाहिली की हिचा आवाज बदलतो."

फ्रेमवाला त्या गुळगुळीत डोक्याकडे बघत राहिला. अरे, हा तर आपल्याच दुखण्याचा माणूस! त्याला गलबलून आलं. "साहेब, निश्चिंत राहा," तो म्हणाला. "मूठ वर येत नाही."

"अय्या, इकडे बघा!" पत्नींचा आवाज आला. त्यांनी एक फ्रेम उलटसुलट केली, कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "जोड कुठे आहे हो? लागतच नाही हाताला! हे तुम्ही स्वतः करता?"

"हो... म्हणजे, लाकूड तिरपं कापायचं," फ्रेमवाला अडखळला. "कोन चुकला नाही की झालं."

"काय हात आहे तुमचा! नाहीतर आमच्याकडे. जन्म भाषणं ऐकण्यात गेला, भिंतीत एक खिळा सरळ गेला नाही. मला शिकवाल का हो हे? मी रोज येईन."

फ्रेमवाला कानापर्यंत लाल झाला. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी काठी आपटली.

"फ्रेमवाले, ती मूठ उघडी करा," ते म्हणाले. "खुशाल करा. तो निदान हयात तरी नाही."

तेवढ्यात चहाचा ट्रे टेबलावर असा आदळला, की चहा बशांत आला. बायको दारात कधीपासून उभी होती, कोण जाणे.

"शिकवायला वेळ नसतो त्यांना," ती साहेबांच्या पत्नींना गोड आवाजात म्हणाली. "आणि तुम्ही कशाला तसदी घेता रोज? फ्रेमा मीच पोचवीन ग्रंथालयात, तिथेच बघा."

गाडी वळणाआड जाईपर्यंत ती दारात उभी राहिली. मग आत आली, तीच फ्रेम उचलली, कोपऱ्यावरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा.

"खरंच लागत नाही हो जोड," ती पुटपुटली. आणि लगेच आवाज चढवून म्हणाली, "उद्यापासून दुपारी मी बसणार आहे दुकानात."

"कशाला गं?"

"कशाला म्हणजे? गिऱ्हाइकं कसली कसली येतात, लक्ष नको का ठेवायला?"

फ्रेमवाल्याने मान खाली घातली, म्हणजे हसू दिसू नये. मग त्याने आपल्या शेजारचं स्टूल ओढलं आणि तिच्यासाठी स्वच्छ पुसून ठेवलं.