चाळीस कोळंब्यांची चौकशी

मी कोळंबी करतो तेव्हा स्वयंपाकघरात कोणी लुडबुड करायची नाही! हे मी सकाळीच जाहीर केलं होतं. लसूण, लोणी आणि वरून व्हाइट वाइन. त्यात चुकण्यासारखं आहे काय? चाळीस कोळंब्या मी स्वतः सोलल्या, स्वतः मोजल्या. खाणारी माणसं पाच. प्रत्येकी आठ. विषय संपला!

मोजण्यामागे कारण होतं. दोन वर्षांपूर्वी आमची ताई जेवायला आली, तेव्हा तिच्या वाट्याला दोन कोळंब्या आल्या आणि माझ्या मेहुण्याच्या, म्हणजे बायकोच्या भावाच्या, ताटात ढीग. तेव्हापासून तिने आमच्या घरची पायरी चढली नव्हती. बायकोने महिनाभर मनधरणी केली, तेव्हा कुठे बाईसाहेब यायला तयार झाल्या. आज रुसून गेली असती तर पुन्हा तोंड दाखवलं नसतं!

कोळंब्या लोण्यात परतल्या, गुलाबी झाल्या, ताटलीत काढून झाकल्या. आता त्याच लोण्यात वाइन आटवायची, तर बाटलीचं बूच निघेना! मी ओढलं, मेहुण्याने ओढलं, सासूबाईंनी बाटलीच्या बुडाला चप्पल हाणून पाहिली. शेवटी बाटली घेऊन खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्याकडे गेलो. त्याने दाढ काढायच्या चिमट्याने बूच उपटलं आणि सवयीने म्हणाला, "आता चूळ भरा!"

वीस मिनिटांनी परत आलो, वाइन ओतली, आटवली, ताटलीवरचं झाकण उचललं. तीन कोळंब्या!

"कोणी खाल्ल्या?" मी किंचाळलो.

"खाल्ल्या कुठे? मी मीठ बघितलं," बायको म्हणाली.

"किती वेळा?"

"अहो, एकीवरून सगळ्यांचं मीठ कळतं का?"

"मी कच्ची राहिलीय का ते पाहत होते," सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या. "तुमच्या हातचं म्हणजे खात्री केलेली बरी!"

"भाऊजी, मी आपला अंदाज घेत होतो," मेहुणा म्हणाला. "वाइनशिवाय अशी लागते, तर वाइनसकट कशी लागेल!"

माझं डोकं तव्यापेक्षा तापलं. चव बघावी ती चमच्याच्या टोकाने. ही माणसं घाऊक चव बघतात!

मी रीतसर चौकशी लावली. बोटांत धरायला बरं म्हणून शेपट्या ठेवल्या होत्या. म्हणजे ज्याने खाल्ली त्याला शेपटी कुठेतरी टाकणं भाग होतं. सिंकच्या कोपऱ्यात बायकोच्या सात निघाल्या. सासूबाईंच्या चष्म्याच्या डबीत नऊ. डबीत! बाल्कनीतल्या कुंडीत मेहुण्याच्या दहा, रोपं लावावीत तशा ओळीने खोचलेल्या. झाल्या सव्वीस. उरलेल्या कोळंब्या तीन. एकोणतीस. अकरांचा पत्ताच नाही!

"सगळ्यात मोठा चोर अजून मोकाट आहे!" मी गरजलो. "अकरा! माणूस आहे की मांजर?"

बघतो तर दारात ताई. मेहुण्याने दार कधी उघडलं कोण जाणे!

"ताई, तू बस. या लोकांनी तुझ्या वाटच्या..."

ताईने मला आपादमस्तक न्याहाळलं. "एप्रनचा खिसा उलटा कर."

"कशाला?"

"लहानपणापासून ओळखते तुला. कर उलटा!"

केला. फरशीवर शेपट्या पडल्या. मला मोजायचा धीर झाला नाही, ताईने मोजल्या. अकरा.

आता मला सांगा, परतणाऱ्याने परतता परतता चव घ्यायची नाही, तर कोणी घ्यायची? त्याला काय खाणं म्हणतात?

ताई मात्र हसून हसून खुर्चीत कोसळली. तिन्ही कोळंब्या तिने खाल्ल्या, आम्ही चौघांनी पाव बुडवून लोणी पुसलं. रुसवा पार विरघळला. निघताना तिने सासूबाईंचा हात धरला, बायकोला मिठी मारली, मेहुण्याच्या पाठीवर थाप दिली आणि पुढच्या रविवारी तिघांनाही आग्रहाने जेवायला बोलावलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू पण ये ना रे," ताई म्हणाली. "फक्त जेवून ये."