शेषराव मिस्तरीची ट्रायल

लोक खाटेखाली पेटी ठेवतात, शेषराव मिस्तरी ट्रकचे दोन शाफ्ट ठेवायचा. ग्रीस माखलेले लोखंडी दांडे. डावा बायकोच्या लाल लुगड्यात गुंडाळलेला, उजवा स्वतःच्या जुन्या धोतरात. पाहुणा आधी त्यांच्या बाहेर आलेल्या टोकांना ठेचकाळायचा, मग मिस्तरीला रामराम करायचा.

मी अमरावतीच्या एका कापसाच्या जिनात ड्रायव्हर होतो, शेषराव तिथला मिस्तरी. जिनाचा ट्रक लढाईनंतर लिलावात घेतलेला, लष्करी, चारही चाकांना जोर असलेला. उन्हाळ्यात रुईच्या गठाणी घेऊन अकोल्याची सडक धरली की पुढच्या चाकांना जोर लागायचा नाही, उगाच पेट्रोल जायचं. म्हणून होळी झाली की पुढच्या चाकांना जोर पोचवणारे दोन्ही शाफ्ट काढायचे आणि आखाडात काळी माती चिघळली की परत घालायचे. अशी नऊ वर्षं. माझी कंबर त्यातच गेली.

चाक काढा, हब काढा, ब्रेकची थाळी तारेनं टांगा, इथवर कोणीही करेल. शाफ्ट ओढताना मात्र मिस्तरी मला त्याखाली दोन्ही तळहात धरायला लावायचा. शाफ्ट खाली टेकला तर आतलं सील कापेल, तेल चाकात येईल, असं त्याचं म्हणणं. मी कुरकुरलो की ठरलेलं उत्तर यायचं, "घाई कोणाले हाय?" घालताना तर कहरच. आतल्या दात्यांत दाते बसेपर्यंत तो डोळे मिटून शाफ्ट जरा जरा फिरवायचा. तेवढा वेळ कोणी खोकायचंसुद्धा नाही.

एका वर्षी मी वैतागून दोन्ही शाफ्ट एकमेकांच्या फडक्यांत बांधून ठेवले. डावा आखूड, उजवा लांब, आंधळ्यालाही कळावं. पण मिस्तरीचा भरवसा फडक्यावर. दुपारपर्यंत तो आखूड शाफ्ट उजवीकडे घालत बसला. शेवटी म्हणाला, "लुगडं तिचं हाय, ते चुकत नाही. तू चुकला." त्याची बायको जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती.

मग ट्रायल, म्हणजे शाफ्ट घातलेली गाडी चिखलात चालवून बघायची. जिनाच्या फाटकातच गुडघाभर चिखल असायचा, पण मिस्तरीला तो चालायचा नाही. त्याला अंजनगावच्या पलीकडचाच चिखल लागायचा, तोही एकाच गावचा. पहिल्या वर्षी मी मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग कळलं, त्या गावात त्याची एकुलती एक लेक दिली होती, सुमन. मोटार अंजनगावपर्यंतच जायची, पुढं दोन कोस चिखल आणि नाला. जॅक घसरून मिस्तरीचा एक पाय कधीचाच अधू झाला होता. पावसाळ्याचे चार महिने लेकीचं तोंड दिसायचं ते या ट्रायलीपुरतं.

तिथंही हा उतरायचा नाही. दारासमोर हॉर्न द्यायला लावायचा आणि ट्रायल चालू आहे, इंजन बंद करता येत नाही म्हणायचा. सुमन भाकर-ठेचा वर द्यायची. "बरी हायेस का, माय?" तो विचारायचा.

"हो, बाबा. तुमी?"

"गाडी बरी हाय," तो म्हणायचा, आणि आम्ही परत फिरायचो.

दहाव्या वर्षी, ऐन आखाडात, जिनाच्या शेठनं ट्रक भंगारात काढायचं ठरवलं आणि शाफ्ट आणून द्यायचा निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी मिस्तरी दोन्ही शाफ्ट ग्रीस लावून घेऊन आला, ट्रकशेजारी ठेवले आणि फडक्यांच्या घड्या घालत बसला. मला ते बघवेना. मी शेठला जाऊन सांगितलं, चालत्या गाडीला गिऱ्हाईक मिळतं, शाफ्ट घालून एकदा चिखलात चालवून बघतो. शेठनं एक दिवस दिला.

मिस्तरीच्या बोटांना आता दात्यांचा अंदाज यायचा नाही. म्हणून या खेपेला दोन्ही शाफ्ट मी घातले. डोळे मिटले, एकेक शाफ्ट जरा जरा फिरवला. दाते बसले. डोळे उघडले तर मिस्तरी लंगडत जाऊन केबिनमध्ये बसलाही होता, मांडीवर लुगड्याची घडी घेऊन.

सुमनच्या दारात मी हॉर्न दिला. ती बाहेर आली. मिस्तरीनं मांडीवरची लुगड्याची घडी काखेत मारली.

"डायवर, इंजन बंद कर," तो म्हणाला.

दहा वर्षांत पहिल्यांदा तो तिथं खाली उतरला. दाराशी पोचल्यावर थांबला आणि वळून म्हणाला, परतायला उशीर होईल, तुझी कंबर दुखते.

मी म्हणालो, "घाई कोणाले हाय?"