वेळ, अंतर, आडोसा

अमरावतीला माझ्या भाऊजींच्या घरात शिरायचं तर चपला दोनदा बदलाव्या लागतात. फाटकापाशी एक पिवळा पट्टा, ओटा चढला की दुसरा. पहिल्याच्या आत रस्त्याची चप्पल चालत नाही, दुसऱ्याच्या आत ओट्यावरची चालत नाही. वरूडहून संत्र्यांचं क्रेट डोक्यावर घेऊन आलेल्या सख्ख्या साळ्यानेही आधी क्रेट खाली ठेवायचं, चप्पल बदलायची, मग पुन्हा उचलायचं. मी पहिल्यांदा चिडून विचारलं होतं, "काहून भाऊजी, आत काय बॉम्ब ठेवला हाय का?" तर बॉम्ब वेगळा आणि अणुभट्टी वेगळी कशी, हे त्यांनी मला उभ्या उभ्या समजावलं. तोवर संत्री उन्हात.

भाऊजींनी सगळी नोकरी एका अणुवीज केंद्रात काढली, मुलखापासून लांब. काम होतं किरणोत्सारापासून माणसं सांभाळण्याचं. तिथे म्हणे इमारतीचे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाचे बूट वेगळे, किरणोत्सारी धूळ इकडची तिकडे जाऊ नये म्हणून. बाहेर पडताना हात-पाय एका यंत्रात घालायचे. यंत्राने हिरवा दिवा दिला तरच घरी जायचं. नोकरी संपली, अमरावतीत घर झालं, सवय तेवढी राहिली. आजही कुठल्याही दारात ते थबकतात आणि दोन्ही पंजे वर करतात. एका कुरियरवाल्याने त्यांना पाहून आपलेही हात वर केले होते.

मंत्र एकच. "वेळ, अंतर, आडोसा!" किरणांपासून वाचायचं तर जवळ कमी वेळ थांबा, लांब उभे राहा, मध्ये भिंत ठेवा. इथवर माझी तक्रार नाही. पण हा माणूस तो मंत्र लग्नातही लावतो. माझ्या पुतण्याच्या लग्नात पाच मिनिटं आले, मांडवाच्या तोंडाशी उभे राहिले आणि व्याही हात पसरून पुढे येताच खांबामागे गेले.

"माणसं हायेत ते, माणसं!" ताई भर मांडवात ओरडली.

"माणसंच जास्त तापतात," भाऊजी खांबामागून म्हणाले.

शब्द चुकला की गय नाही. टीव्हीवर कुणी अणुवीज केंद्राच्या टॉवरमधून धूर निघतो म्हणालं की हे उठून उभे. "वाफ हाय ते, वाफ! उकळत्या चहाच्या गंजातून काय धूर निघते?" शेजारच्या काकू एक्स-रे काढून आल्या आणि त्यांच्या सुनेने तान्ह्या नातवाला त्यांच्यापासून लांब ठेवलं, तर भाऊजी कुंपणावरून सुनेला रागावले. "उन्हातून आलेला माणूस दुसऱ्याले ऊन लावते का? चिखलाचा पाय घर भरवते, ऊन नाई भरवत. एक्स-रे म्हणजे ऊन, बापा, चिखल नोहे. द्या पोरगा त्यायच्याजवळ!"

हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. कारण याच माणसाने स्वतःची पोर लांब ठेवली. मेधा त्यांची एकुलती एक. लहानपणी बाबा फाटकात दिसले की धावत सुटायची. आणि हे दोन्ही पंजे पुढे करून ओरडायचे, "दूर! आंघोळ होऊ दे!" केंद्रात कपडे बदललेले, यंत्राचा हिरवा दिवा मिळालेला, तरी घरी येऊन पुन्हा अंग घासायचे. बाहेर येईपर्यंत पोर रुसून झोपलेली. पुढे तिने धावणंच सोडलं. आता ती अकोल्याला नांदते. माहेरी येते ती आईसाठी, बाबांशी बोलणं "जेवले का?" एवढंच.

मी एकदा यावरून भांडलो होतो. "चिखल नाई म्हणून यंत्र रोज सांगे ना तुमाले?"

"यंत्र बराबर होतं," ते म्हणाले. "पण पोरगी एकच होती ना, दिलीप."

या उत्तराचा मला अजून संताप येतो.

यंदा मेधा सातव्या महिन्यात माहेरी आली, सोबत चार वर्षांची ईरा. ईराने पिवळ्या पट्ट्यांवरून उड्या मारायचा खेळ काढला. मी क्रेट उतरवत होतो तेवढ्यात ती ओट्यावरून पडली. मनगट टम्म सुजलं.

"तुमच्या ह्या पट्ट्यायनं झालं!" मेधा कडाडली. भाऊजींनी वाकून रस्त्याची चप्पल घातली. ताईला घरी ठेवून मी तिघांना गाडीत घातलं आणि जवळचं एक्स-रे सेंटर गाठलं.

तिथे मात्र भाऊजींना वाचा फुटली. एक्स-रेच्या खोलीचं दार विटेने अडकवून उघडं ठेवलेलं, दारावरचा लाल दिवा बंद, आणि दारासमोरच्याच बाकावर माणसं बसलेली.

"दार उघडं ठेवून फोटो काढता? दिवा काहून बंद हाय?"

"आत गरम होते काका," तिथला माणूस म्हणाला. "एवढ्याशानं काई होत नाई."

"एवढ्याशानं काई होत नाई म्हणत म्हणतच सारं होते!" भाऊजींचा आवाज रस्त्यापर्यंत गेला असेल. त्यांनी स्वतः वीट उचलून बाहेर नेली. बाकावरच्या लोकांना उठवून बाक हलवायला लावला. शिशाचा एप्रन घडी घालून कोपऱ्यात पडलेला पाहून ते लालबुंद झाले. "घडी घातली की आत शिसं तडकते! दुसरा आणा, टांगलेला!" डॉक्टरांच्या खोलीतून टांगलेले दोन आले. मेधा शरमेने खाली बघत होती.

ईरा काही केल्या हात ठेवू देईना. "मम्मीले आत पाठवा पकडाले," तो माणूस म्हणाला.

"तिले सातवा महिना हाय, ते नाई येणार," भाऊजी म्हणाले.

"मंग मी पकडतो."

"तुमी नाई," भाऊजी एकदम हळू म्हणाले. "तुमी रोज इथंच असता. रोज रोज तुमाले नको. घरचं माणूस पाह्यजे."

"मी जातो," म्हणत मी पुढे झालो, तर ईराने किंकाळी फोडली आणि चांगला हात भाऊजींकडे केला. "आबा!"

त्यांचे दोन्ही पंजे सवयीने वर गेले. मेधाने तोंड फिरवलं. माझ्या तोंडात शिवी आली होती. मग ते पंजे खाली आले. भाऊजींनी एप्रन चढवला, दुसरा ईराच्या अंगावर घातला, तिला छातीशी धरलं आणि आत गेले. रस्त्यावरून आलेले, हातही न धुतलेले.

दार लागलं. मेधा दाराकडे बघत राहिली. "मामा, मले एकदाई असं नाई घेतलं त्यायनं."

मी वर दारावरच्या बंद लाल दिव्याकडे पाहिलं.

"झालं काका, सोडा आता," आतून आवाज आला. दार उघडलं. भाऊजी पोरीला तसंच धरून बाहेर आले, एप्रनसकट. तिचं नाक त्यांच्या सदऱ्याच्या बाहीला पुसलं जात होतं. मेधा पुढे झाली, अगदी जवळ. त्यांनी "दूर" म्हटलं नाही. ईराचा हात सांभाळत त्यांनी दुसरा हात मेधाच्या डोक्यावर ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मेधाही हलली नाही.

एवढंच होतं ना? मग इतकी वर्षं काहून? मला इतका राग आला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी पाठ फिरवली आणि त्या एक्स-रेवाल्यावर ओरडलो, "पाहून काय रायला बे? पहिले तुह्या दाराचा लाल दिवा दुरुस्त कर!"